अँपिअर मीटर (जुन्या ट्रॅक्टरवरील)

जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर बसवलेले, बॅटरी चार्ज होते आहे की उतरते आहे हे दाखवणारे उपकरण. बोलीत ‘चार्जिंग मीटर’. तबकडीच्या मधोमध शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे आणि टोकांना बहुधा २० किंवा ३० हा आकडा असतो. डायनामो (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारे यंत्र) असलेल्या ट्रॅक्टरांत, म्हणजे फोर्ड ८एन (१९४७–५२), फर्ग्युसन टीई२० (१९४६–५६), मॅसी फर्ग्युसन ३५ अशा यंत्रांत, ते सर्रास आढळते. चेन्नईच्या टॅफे कंपनीने (स्थापना १९६०) मॅसी फर्ग्युसनची यंत्रे भारतात बनवायला घेतली आणि ‘मॅसी’ महाराष्ट्राच्या शेतांतही रुळली.

या मीटरबद्दलचा मोठा गैरसमज म्हणजे तो डायनामोची ताकद दाखवतो. प्रत्यक्षात दिवे, इग्निशन वगैरेंचा खर्च भागून बॅटरीत किती वीज गेली, किंवा खर्च भागवायला बॅटरीतून किती आली, एवढेच तो सांगतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर काटा शून्याच्या जेमतेम पुढे उभा राहतो, आणि तेच योग्य असते. सेल्फ (स्टार्टर) मारल्यानंतर काटा १०–१५ वर जाऊन हळूहळू खाली आला, तर सगळे ठीक आहे असे समजावे. इंजिन मंद फिरत असताना दिवे लावले की काटा उणेकडे जातो, कारण तेवढ्या फेऱ्यांत डायनामो पुरा पडत नाही. हाही दोष नव्हे.

मीटर बॅटरी आणि बाकीच्या वायरिंगच्या मधोमध, एकाच ओळीत जोडलेला असतो. फक्त सेल्फची जाड केबल त्याला वगळून जाते. शेकडो अँपिअरचा तो प्रवाह मीटरला सोसणार नाही. या जोडणीमुळेच तपासणीची पहिली पायरी बिनखर्चाची आहे. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावावेत. काटा उणेकडे झुकला तर मीटर शाबूत आहे आणि दोष पुढे शोधायचा. दिवे लागले पण काटा हललाच नाही, तर काटा अडकला आहे किंवा कोणीतरी दिव्यांची वायर मीटरला वगळून थेट बॅटरीवरून घेतली आहे. जुन्या ट्रॅक्टरात हे दुसरे फार सापडते. काहीच लागले नाही तर मीटर आतून तुटलेला असू शकतो. अशा वेळी मागचे दोन्ही नट आधी घट्ट करून पाहावेत. काटा उलटा, अधिककडे गेला तर मागच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे.

मीटर खरा बोलतो आहे हे ठरले आणि इंजिन चांगल्या वेगात असूनही काटा उणेच राहतो, तर चार्जिंग होत नाही. प्रथम पट्टा पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण अर्धा इंच लवावा, आणि पुलीच्या खाचेत तेल नसावे. मग डायनामो. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डायनामोवर ‘डी’ (मोठे) आणि ‘एफ’ (लहान) अशी दोन टर्मिनले असतात. दोन्ही वायरी काढून टर्मिनले तारेने एकमेकांना जोडावीत, व्होल्टमीटरचे एक टोक त्या तारेला व दुसरे बॉडीला लावावे आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. १२ व्होल्टच्या यंत्रणेत आकडा झपाट्याने चढला पाहिजे. १५–२० च्या आसपास आला की थांबावे, इंजिन पळवू नये. आकडा एखाद्या व्होल्टवरच अडकला तर फील्ड कॉइलवर (चुंबकत्व देणाऱ्या स्थिर गुंडाळीवर) संशय घ्यावा, चार-पाचवर अडकला तर आर्मेचरवर (आतल्या फिरत्या भागावर). काहीच दिसले नाही तर आधी कार्बन ब्रश पाहावेत. पुष्कळदा ब्रश झिजलेले किंवा धुळीने खोबणीत अडकलेले निघतात, आणि रिवाइंडिंगचा खर्च वाचतो.

डायनामो आपले काम लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर सुरू करतो. यंत्र वर्षानुवर्षे उभे राहिले किंवा बॅटरी उलटी जोडली गेली, तर ते चुंबकत्व नाहीसे होते किंवा दिशा बदलते. दिशा बदलली की रेग्युलेटरच्या पेटीतला कटआउट (आपोआप लागणारा स्विच) टकटक करत राहतो आणि त्याचे पॉइंट जळतात. उपाय क्षणाचा आहे, पण तो यंत्राप्रमाणे बदलतो. लुकासमध्ये ‘एफ’ची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या बिनअर्थ (बॉडीला न जोडलेल्या) टोकाची तार एक-दोनदा नुसती टेकवतात. फोर्ड ८एनमध्ये रेग्युलेटरवरील बॅटरी व आर्मेचर ही टर्मिनले क्षणभर जोडतात. लुकासची रीत वायरी न काढता फोर्डवर केली, तर रेग्युलेटर जळतो. अल्टरनेटरवर (डायनामोच्या जागी आलेल्या नव्या यंत्रावर) यातले काहीही करू नये.

डायनामो चांगला निघाला की दोष रेग्युलेटरच्या पेटीत असतो. बाजारात त्या अख्ख्या पेटीला ‘कटआउट’ म्हणतात, पण तिच्यात दोन भाग असतात. कटआउट हा डायनामो व बॅटरी यांच्यामधला आपोआप लागणारा स्विच. लुकासच्या १२ व्होल्टच्या पेटीत तो १३ व्होल्टच्या आसपास लागतो. शेजारचा रेग्युलेटर दाब (व्होल्टेज) आवरतो. इंजिन बंद केल्यावर काटा उणेच्या टोकाला जाऊन तिथेच राहिला, तर कटआउट चिकटला आहे आणि बॅटरी उलट डायनामोलाच फिरवू पाहते आहे. बाकीचे निदान नंतर. आधी बॅटरीची अर्थची केबल काढावी, नाहीतर डायनामो जळतो. उलट, काटा तासन् तास २० च्या वर राहिला आणि बॅटरीचे पाणी उकळून कमी होऊ लागले, तर रेग्युलेटर दाब आवरत नाही. डायनामोवरची ‘एफ’ वायर काढल्यावर चार्जिंग थांबले तर दोष पेटीत किंवा वायरिंगमध्ये, चालूच राहिले तर डायनामोच्या आत. पेटीची अर्थची वायर गंजली असली तरीही असेच घडते, आणि मिस्त्री लोक नेमके तेच तपासायचे विसरतात. बॅटरीचा एखादा सेल बसला असला तरीही मीटर असाच फसवतो.

काट्याची बारीक थरथर रेग्युलेटरच्या पॉइंटमुळे असते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे. मोठे हेलकावे मात्र सैल जोडणी, घसरणारा पट्टा किंवा खराब कम्युटेटर (डायनामोत ब्रश ज्यावर घासतात तो भाग) दर्शवतात. फारमॉल एच व एम या अमेरिकन ट्रॅक्टरांच्या (१९३९ पासून) दिव्यांच्या स्विचवर ‘एल’ आणि ‘एच’ या कमी व जास्त चार्जिंगच्या जागा असतात. ‘चार्जिंग कमी’ या तक्रारीचे मूळ कधी कधी तेवढेच असते.

या पिढीतील अनेक ट्रॅक्टरांत बॅटरीचे अधिक टोक बॉडीला जोडलेले असते. ६ व्होल्टचे ८एन पुढे १२ व्होल्ट, उणे अर्थ आणि अल्टरनेटर असे बदलून घेतले जातात. मीटरला व्होल्टशी देणेघेणे नसल्याने तो तसाच चालतो, मात्र वायरी उलट कराव्या लागतात. काही ८एनच्या मीटरमागे नट नसून धातूचा फास असतो व अखंड वायर त्यातून ओवलेली असते. तिथे वायर विरुद्ध बाजूने ओवावी. अल्टरनेटर ६० अँपिअरचा असेल तर ३० चा मीटर बदलणेच बरे.

पेट्रोलवरच्या ८एनचे इग्निशन बॅटरीवर चालते, म्हणून चार्जिंग बंद पडले की इंजिन कधीतरी वावरातच मरते. डिझेल मॅसी एकदा सुरू झाली की विजेविना दिवसभर चालते, आणि दोष कळतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ न फिरल्यावर. नवा मीटर बसवताना अर्थची केबल आधी काढावी, आणि तो बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टमीटरसारखा कधीही लावू नये: त्याचा प्रतिरोध नगण्य असतो, बॅटरीची सगळी ताकद त्यातून जाते आणि मीटर त्याच क्षणी जळतो.