‘कधीतरी’चा वायदा: टेम्पोरल लॉजिकमधल्या स्वयंचलित सिद्धतांची पार्श्वभूमी

‘प नेहमी खरं राहील’ आणि ‘प कधीतरी खोटं होईल’ ही विधानं एकत्र नांदू शकत नाहीत, हे माणसाला वाचताक्षणी कळतं. सिद्धता शोधणारा प्रोग्रॅम मात्र ‘कधीतरी’ची फोड करतो: आत्ता, नाहीतर पुढच्या क्षणी हाच वायदा पुन्हा. ‘आत्ता’ची फांदी विसंगतीने लगेच बंद होते. दुसरीत पुढची अवस्था हुबेहूब आधीसारखीच निघते. विसंगती कुठेच नाही, वायदा तेवढा रोज उद्यावर. गेल्या चार दशकांतली बरीच मेहनत ही टोलवाटोलवी लवकर पकडण्यात गेली आहे.

‘नेहमी’, ‘कधीतरी’ अशा शब्दांचा हिशेब ठेवणारं काळाचं तर्कशास्त्र, म्हणजे टेम्पोरल लॉजिक, आर्थर प्रायर यांनी १९५०च्या दशकात मांडलं ते तत्त्वज्ञानासाठी. १९७७ मध्ये अमीर प्नुएली यांनी ते प्रोग्रॅमच्या पडताळणीत आणलं, कारण ऑपरेटिंग सिस्टिम थांबतच नाही. तिला ‘शेवटी उत्तर बरोबर आलं का’ असं विचारून भागत नाही.

१९८०च्या दशकात पिएर वोल्पर यांचा टॅब्लो, म्हणजे सूत्राची वर दाखवली तशी फोड करत विसंगती शोधायची रीत, आली: आधी अवस्थांचा पूर्ण आलेख, मग वायदा न पाळणाऱ्या अवस्थांची छाटणी. आलेख सूत्राच्या लांबीनुसार घातांकी वेगाने फुगू शकतो, त्यामुळे छाटणीची पाळी येण्याआधीच मेमरी संपते. सिस्टला आणि क्लार्क यांनी तर सूत्र खरं होऊ शकतं का हा प्रश्नच पीस्पेस-कम्प्लीट, म्हणजे सगळ्या सूत्रांवर झटपट चालणारी रीत मिळण्याची फारशी आशा नसलेला, असल्याचं दाखवलं. म्हणून सुधारणा मोजायची ती नेहमीच्या वापरातल्या सूत्रांवर.

मायकेल फिशर यांनी १९९१ मध्ये रिझोल्यूशनची, म्हणजे छोट्या अटी (कलमं) जोडून नव्या अटी काढत विसंगती गाठण्याची, वाट धरली. त्यात सूत्र आरंभाच्या, एका पावलाच्या आणि ‘कधीतरी’च्या कलमांत मोडतात. पावलांची कलमं साध्या रिझोल्यूशनने सुटतात. महाग पडतो तो वायद्याला कायमचा अडवणाऱ्या कलमांचा फेरा शोधणं.

श्वेंडिमान यांनी १९९८ मध्ये टॅब्लो एकाच टप्प्यात बसवला. मार्क रेनॉल्ड्स यांच्या २०१६ च्या झाडासारख्या टॅब्लोत छाटणीचा नियम नेटका आहे: एका फांदीवर तीच अवस्था तिसऱ्यांदा आली आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीपेक्षा एकही नवा वायदा पुरा झाला नाही, तर फांदी तोडा. दुसऱ्यांदाच का तोडायची नाही? प आणि फ दोन्ही वारंवार हवेत, पण एका वेळी एकच शक्य असेल, तर एका फेरीत प आणि पुढच्या फेरीत फ पुरा होऊ शकतो. घाई केली तर सुटणारं सूत्रही हातचं जातं. वरच्या उदाहरणात मात्र दोन्ही फेऱ्या कोऱ्याच जातात.