सोर्स कोडची एकसमान मांडणी

एका प्रकल्पात काम करणाऱ्या सर्व प्रोग्रॅमरनी इंडेंटेशन (ओळ डावीकडून किती आत सरकवायची ते), महिरपी कंसांच्या जागा, ओळीची कमाल लांबी आणि चिन्हांभोवतीच्या स्पेस यांबाबत एक पद्धत ठरवून सगळा कोड तिच्याप्रमाणे लिहिणे, याला सोर्स कोडची एकसमान मांडणी म्हणतात. बहुतेक भाषांच्या कंपायलरला (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) या मांडणीशी काही कर्तव्य नसते. ती असते वाचणाऱ्या माणसासाठी. पायथन हा ठळक अपवाद आहे. तिथे इंडेंटेशन हा व्याकरणाचाच भाग असून, टॅब आणि स्पेस यांची संदिग्ध सरमिसळ झाल्यास पायथन ३ प्रोग्रॅम चालवायलाच नकार देते.

मांडणी नीटनेटकी दिसावी म्हणून हा खटाटोप केला जातो, असा समज आहे. पण त्याची खरी गरज कोडमधले बदल तपासताना कळते. समजा, एकाने एका अटीतले ‘पेक्षा कमी’ हे चिन्ह दुरुस्त केले, आणि फाइल सेव्ह करताना त्याच्या एडिटरने सगळे टॅब काढून तिथे स्पेस घातल्या. मग गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकांच्या यादीत, तीनशे ओळी बदललेल्या दिसतात, त्यांत एका चिन्हाची ती दुरुस्ती हरवून जाते आणि रिव्ह्यू करणारा थकून मंजुरी देऊन टाकतो. त्याच फाइलवर दुसरे कोणी काम करत असेल, तर दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना विनाकारण कॉन्फ्लिक्ट (आपोआप न जुळणारे बदल) येतात ते वेगळेच.

मांडणी दिशाभूलही करू शकते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आपल्या एसएसएल (इंटरनेटवरील जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या) कोडमधला एक दोष दुरुस्त केला. त्यात ‘गोटू फेल’ (मधला कोड वगळून ‘फेल’ या खुणेपाशी उडी मारा) ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. दोन्ही ओळी ‘इफ’खाली सारख्याच आत सरकवलेल्या होत्या, पण महिरपी कंस नसल्यामुळे अट फक्त पहिलीला लागू होती, दुसरी दरवेळी चालत असे आणि सर्व्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी वगळली जाई. आपोआप मांडणी करणाऱ्या फॉर्मॅटरने दुसरी ओळ डावीकडे सरकवली असती आणि चूक उघडी पडली असती. जीसीसी कंपायलरच्या २०१६ मधील सहाव्या आवृत्तीत फसव्या इंडेंटेशनबद्दल इशारा देण्याची सोय आली.

प्रचलित नियमांत एकवाक्यता नाही. २००१ मध्ये मांडलेली पायथनची ‘पेप ८’ ही नियमावली चार स्पेस आणि ७९ अक्षरांची ओळ सुचवते, तर लिनक्स कर्नलमध्ये टॅब वापरतात आणि तो आठ अक्षरे रुंद धरतात. ८० च्या आसपासची ही मर्यादा आयबीएमच्या ८० स्तंभांच्या पंचकार्डापासून टर्मिनलपर्यंत आणि तिथून आजच्या रुंद पडद्यांपर्यंत चालत आली आहे. टॅब की स्पेस, या वादात दोन्ही बाजूंकडे बरे मुद्दे आहेत, आणि म्हणूनच तो चर्चेने मिटत नाही.

तो मिटवला यंत्राने. गो भाषेसोबत गोएफएमटी हा फॉर्मॅटर आला आणि त्यात मांडणीच्या शैलीबाबत निवडीला जवळपास वावच ठेवला नाही. पुढे जावास्क्रिप्टसाठी प्रिटियर आणि पायथनसाठी ब्लॅक यांनी थोड्याफार फरकाने तोच मार्ग धरला. ब्लॅक ओळीला ८८ अक्षरांची मुभा देतो. ही संख्या कोणाला आवडो न आवडो, रिव्ह्यूमध्ये तिच्यावर बोलणे थांबते. लेखी नियमावली असली तरी ती पाळली जाते की नाही हे कमिटच्या (बदल गिटमध्ये नोंदवण्याच्या) वेळी किंवा सर्व्हरवर आपोआप तपासले जात नसेल, तर ती काही महिन्यांत कागदावरच उरते. शिवाय सर्वांकडे फॉर्मॅटरची एकच आवृत्ती असावी लागते. नाहीतर दोन आवृत्त्या एकमेकींचे काम आळीपाळीने उलटवत बसतात.

चालू प्रकल्पात ही शिस्त आणायची झाल्यास सगळ्या फाइलींची फेरमांडणी एका स्वतंत्र कमिटमध्ये करतात आणि त्यात दुसरा कोणताही बदल मिसळत नाहीत. मात्र त्यानंतर ‘गिट ब्लेम’ ही ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणारी आज्ञा प्रत्येक ओळीसमोर फेरमांडणी करणाऱ्याचेच नाव दाखवू लागते. २०१९ मधील गिट २.२३ पासून असे कमिट एका फाइलीत नोंदवून ब्लेमला ते वगळायला सांगता येते, आणि मग ओळीसमोर पुन्हा तिच्या मूळ लेखकाचे नाव दिसते.