एडीएसएल आणि एसएचडीएसएल: तार तीच, मग टोन का नाही?

एडीएसएल, म्हणजे फोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट, बहुतेकांच्या ओळखीचं आहे. फोनच्या लाइनला आवाज आणि डेटा वेगळे करणारी डबी, म्हणजे स्प्लिटर, एका तोंडाला फोन, दुसऱ्याला मोडेम, डाउनलोड पळतंय आणि अपलोड रखडतंय. त्यात अडकत नाही. पण एसएचडीएसएलचा, म्हणजे तशाच तारेवर दोन्ही दिशांना सारखा वेग देणाऱ्या तंत्राचा, विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "तेच हो, फक्त अपलोड वाढवलेलं." हे साफ चूक आहे, आणि या समजापायी चालू लाइनी बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

नावांचा घोळ आधी मिटवू. एसडीएसएल हे अशा सारख्या वेगाच्या लाइनींचं ढिलं नाव. त्या नावाखाली एकमेकांशी न जुळणारे मोडेम विकले गेले. एसएचडीएसएल म्हणजे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेचं 2001 चं जी.991.2 मानक. मोडेम मागवताना हे मानकच लिहून मागा.

आता खरी मेख. एडीएसएल एकाच तारेवर फ्रीक्वेन्सीच्या वाटण्या करतं. साधारण 4 किलोहर्ट्झपर्यंतची जागा आवाजाची, 26 ते 138 अपलोडची, तिथून 1104 पर्यंत डाउनलोडची. अपलोडच्या वाट्याला पट्टाच चिंचोळा आलाय, म्हणून ते कमी. एसएचडीएसएल वाटण्या करतच नाही. ते जवळपास शून्यापासून सुरू होतं, सेकंदाला 2.3 मेगाबिटच्या वेगाला सुमारे 400 किलोहर्ट्झपर्यंत जातं, आणि दोन्ही टोकांचे मोडेम त्याच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात.

मग एकमेकांचं ऐकू कसं येतं? आपण काय पाठवलं हे मोडेमला ठाऊक असतं. तारेवरून परत आलेला आपलाच प्रतिध्वनी तो वजा करतो. उरतं ते समोरच्याचं. पण शेजारच्या जोडीतून (प्रत्येक लाइन म्हणजे दोन तारांची एक जोडी) झिरपलेला सिग्नल असा वजा करता येत नाही, कारण शेजारी काय पाठवतोय हे त्याला कळायला मार्ग नाही. एक्सचेंजपाशी, म्हणजे फोन कंपनीच्या केंद्रापाशी, शेकडो जोड्या एकाच केबलमध्ये खेटून असतात. चार किलोमीटरवरून दमून आलेला सिग्नल ऐकायचा, आणि कानाशी शेजारचा मोडेम त्याच फ्रीक्वेन्सीत पूर्ण जोरात पाठवतोय. एडीएसएलला हा जाच फार कमी, कारण एक्सचेंजकडचे सगळे एका पट्ट्यात बोलतात आणि दुसऱ्यात ऐकतात.

दोन्हीकडे सारखा वेग हवा तर त्याची किंमत इथे मोजावी लागते. एका जोडीवर मूळ मानकात 2.3 मेगाबिट, पुढे सुधारलेल्या आवृत्तीत 5.7. दोन जोड्या लावल्या की दुप्पट. हे आकडे ऐकून कुणी "एडीएसएल2+ (एडीएसएलची सुधारलेली आवृत्ती) तर 24 देतं" म्हणालं की माझा संयम सुटतो. ते 24 एक्सचेंजच्या जवळ राहणाऱ्याचं, आणि तेही फक्त डाउनलोडचं. उलट दिशेला जेमतेम 1. शाखेतला सर्व्हर मुख्य कार्यालयाला रोज डेटा पाठवत असेल, तर मी डोळे झाकून एसएचडीएसएल घेईन.

शून्यापासून सुरू होणं म्हणजे आवाजाची जागाही खाणं. त्यामुळे या लाइनवर साधा फोन चालत नाही आणि स्प्लिटरला काही काम उरत नाही. एका कार्यालयात नवी लाइन तासभर जुळेना. मोडेमचा दिवा नुसता लुकलुकत होता. बसवणाऱ्याने सवयीने भिंतीवर स्प्लिटर ठोकला होता, आणि त्यातला फिल्टर नेमक्या खालच्याच फ्रीक्वेन्सी अडवत होता, जिथे या सिग्नलचा सगळा जोर असतो. स्प्लिटर काढून तारा थेट मोडेमला जोडल्या, दिवा स्थिर झाला.

त्याहून वाईट प्रकार पिलरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या तारा जोडायच्या पेटीत, होतो. या जोडीवर डायल टोन नसतो. लाइनमन टेस्ट फोन लावतो, काही ऐकू येत नाही, जोडी रिकामी समजून दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकतो. इकडे कार्यालय ठप्प. पूर्वसूचना न देता असं झालेलं मी दोनदा भोगलंय. दोष त्या लाइनमनचा नाही. टोन नसलेली जोडीही चालू असू शकते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक गल्लत. "1:1" म्हणजे सिमेट्रिक नव्हे. 1:1 म्हणजे पुढच्या जाळ्यातली तुमची जागा इतरांशी वाटून घेतलेली नाही. सिमेट्रिक म्हणजे दोन्ही दिशांचा वेग सारखा. सिमेट्रिक लाइनही पुढे वीस जणांत वाटलेली असू शकते. लीज्ड लाइनमध्ये, म्हणजे एकाच ग्राहकासाठी भाड्याने घेतलेल्या लाइनमध्ये, बहुधा दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात, म्हणून लोक एकीचं नाव दुसरीला देतात. फायबर आलं तरी ही गल्लत तशीच आहे.

जिथे अजून तांबं आहे, उदाहरणार्थ रुळांलगतच्या केबलवर, तिथे एसएचडीएसएलच्या जोडीला एक्सचेंजमध्ये, पिलरवर आणि डीपीत (ग्राहकाजवळच्या फोन-तारांच्या पेटीत) तिन्ही ठिकाणी लाल चिठ्ठी बांधा: "डेटा, टोन नाही, काढू नये."