भुसावळचा पारा ६९ अंशांवर

मे महिन्यात भुसावळला ४५ अंश झाले तर इथे कुणी मान वर करून बघत नाही. परवा मात्र आमच्या लॅबमध्ये एका विद्यार्थ्याच्या स्क्रीनवर ६९ उमटलं.

सर्किट त्याने ठीकच लिहिलं होतं, व्हेरिलॉगमध्ये. १९८४ च्या सुमारास जन्मलेल्या या भाषेला १९९५ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं प्रमाण मिळालं. चिप बनवण्याआधी तिच्यात लिहिलेलं सर्किट सिम्युलेटरवर, म्हणजे सर्किटची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून बघायचं. मेमरी म्हणजे तिथे नंबर टाकलेले खण, आमच्याकडे २५६, प्रत्येकी ८ बिटांचे, म्हणजे आठ ०-१ मावतील एवढे. ते एकेक करून कोण भरणार? म्हणून 'रीडमेमएच' ही आज्ञा साध्या टेक्स्ट फाइलमधले आकडे थेट खणांत ओतते. पोराने फाइलीत तीन दिवसांची तापमानं लिहिली: ४४, ४५, ४६. पण आज्ञेतला शेवटचा 'एच' हेक्साडेसिमलचा, म्हणजे दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या मोजणीचा! सिम्युलेटरने ४५ म्हणजे चार सोळे चौसष्ट आणि वर पाच असं वाचलं. ६९.

या मोजणीत दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं येतात. फाइलीत ४४, ४५, ४६ साठी २सी, २डी, २ई लिहिल्यावर पारा उतरला. मग त्याने चौथा खण वाचला आणि आलेखात लाल पट्टा आला.

"सर, हाई काय शे?"

तो 'एक्स'. त्या खणात कुणी काही ठेवलंच नव्हतं, म्हणून ० की १ ते माहीत नाही, असं सिम्युलेटर सांगतो. खऱ्या चिपमध्ये एक्स नसतो. वीज आली की एसरॅम या प्रकारच्या मेमरीचा प्रत्येक कप्पा ट्रान्झिस्टरांमधल्या बारीकशा फरकामुळे ० किंवा १ कडे कलंडतो, आणि तो कचरा अगदी खऱ्या आकड्यासारखा दिसतो. काही सिम्युलेटर वेगासाठी एक्स पाळतच नाहीत. शिकणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये, असं माझं मत.

मग चौथ्या खणात ४७ लिहायला सांगितलं, आणि क्लॉकच्या, म्हणजे सर्किटला ताल देणाऱ्या संकेताच्या, त्याच ठोक्याला तोच खण वाचायलाही. पट्टा लालच! ठोका पडला की सिम्युलेटर आधी सगळ्या जुन्या किमती वाचून घेतो, नव्या किमती त्यानंतर खणांत ठेवतो. 'नॉनब्लॉकिंग' पद्धतीने लिहिलं की असंच होतं. पुढच्या ठोक्याला लाल गेलं, २एफ आलं. म्हणजे ४७.

भुसावळला तेही अशक्य नाही.