पॉवर सप्लायचा हिशेब (मोटर असलेल्या छंद-प्रकल्पांसाठी)

मोटर असलेल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक प्रकल्पाला किती व्होल्टचा आणि किती अँपिअरचा पुरवठा लागेल, बॅटरी असेल तर ती किती वेळ पुरेल, याचा आगाऊ अंदाज म्हणजे पॉवर सप्लायचा हिशेब. सेन्सर, डिस्प्ले, कंट्रोलर बोर्ड यांचा खर्च नुसत्या बेरजेने निघतो. मोटरचे तसे नाही. चालताना ती जेवढा प्रवाह घेते त्याच्या कैक पट सुरू होताना घेते.

मराठवाड्यात हे कुणाला नवीन नाही. शेजाऱ्याने विहिरीवरची मोटर चालू केली की आखाड्यावरचा (शेतातल्या घरातला) बल्ब क्षणभर मंद होतो आणि मोटरने वेग घेतला की परत उजळतो. (ती मोटर इंडक्शन जातीची, त्यामुळे तिथले कारण थोडे वेगळे, परिणाम तोच.) टेबलावरच्या प्रकल्पात बल्बच्या जागी मायक्रोकंट्रोलर (कोड चालवणारी चिप) असतो. तो मंद होत नाही, रीसेट होतो. कोडमधली चूक शोधण्यात रात्र घालवावी आणि दोष अ‍ॅडॉप्टरचा निघावा, हे नेहमीचेच आहे.

डीसी मोटर फिरू लागली की स्वतःच उलट दिशेचा व्होल्टेज तयार करते आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. मोटर थांबलेली असताना हा आवर नसतो. तेव्हा प्रवाह ठरतो तो फक्त आतल्या तारेच्या रोधावर. १२ व्होल्टच्या मोटरचा रोध ६ ओहम भरला, तर सुरुवातीला किंवा चाक अडकल्यावर ती १२ भागिले ६, म्हणजे २ अँपिअर ओढणार. यालाच स्टॉल करंट म्हणतात. रोध मल्टिमीटरने मोजताना शाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवून चार-पाच वेळा मोजावा आणि सर्वांत कमी आकडा धरावा, कारण ब्रशचा (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तुकड्याचा) स्पर्श प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. धावती मोटर एकदम उलटी फिरवली, तर तो आतला व्होल्टेज पुरवठ्यात मिळतो आणि प्रवाह स्टॉल करंटच्या जवळपास दुप्पट होतो. म्हणून कोडमध्ये पुढे आणि मागे यांच्यामध्ये क्षणभर थांबा ठेवावा.

एक उदाहरण घेऊ. कापसाच्या दोन ओळींमधून फवारणी करत जाणारी चारचाकी गाडी, पॉलिटेक्निकच्या मुलांचा आवडता विषय. वर सांगितल्यासारख्या चार मोटरी, चालताना प्रत्येकी ०.४ अँपिअर, छोटा पंप २ अँपिअर, कंट्रोलर बोर्ड ०.३. चालतानाची बेरीज ३.९ अँपिअर येते, आणि इथेच बहुतेक जण १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय) घेऊन मोकळे होतात. पण चारही चाके ढेकळात अडकली, तर मोटरींचेच ८ अँपिअर, सगळे मिळून १०.३. एसएमपीएस ओव्हरलोडमध्ये जाऊन टिक-टिक करत बंद-चालू होऊ लागतो. इथे १५ अँपिअरचा हवा. नाहीतर पीडब्ल्यूएमने (पुरवठा झटपट चालू-बंद करून) वेग हळूहळू चढवावा आणि पंप मोटरींनंतर सुरू करावा. पण चाक खरोखरच अडकले तर या युक्तीचा उपयोग नाही. ड्रायव्हरलाही (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर मोटरला प्रवाह देणाऱ्या बोर्डाला) हाच आकडा लावायचा. सर्रास वापरला जाणारा एल२९८एन एका बाजूला सलग २ अँपिअरपर्यंतचा, आणि १ अँपिअरलाच जवळपास २ व्होल्ट स्वतः खातो. ६ व्होल्ट दिलेली पिवळी बीओ मोटर (बॅटरीवर चालणारी छोटी मोटर) रेंगाळते ती त्यामुळे.

जास्त अँपिअरचा सप्लाय लावला तर मोटर जळेल, ही भीती फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. डीपी ६३ केव्हीएची असो की १०० केव्हीएची, घरातला बल्ब आपल्यापुरतेच घेतो. जुळायला हवा तो व्होल्टेज.

बॅटरीचा हिशेब उलटा: तिथे क्षणाचा नाही, सरासरीचा आकडा चालतो. गावात सहज हाताशी येते ती फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-तासांची) लेड-अ‍ॅसिड बॅटरी. तिचे ८ एएच हे साधारणपणे २० तासांत, म्हणजे ०.४ अँपिअरने, सावकाश वापरल्यावरचे. वरच्या गाडीने ४ अँपिअर ओढले तर दोन तास मिळत नाहीत, तासभर धरावा. तरी क्षणिक ओढ ती बिनबोभाट सोसते. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला ते जमत नाही; तिचा अंतर्गत रोधच जास्त असतो, तेव्हा तिच्यावर मोटर चालवू नये.

एसएमपीएसवर छापलेला आकडा बेताच्या हवामानाचा असतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत बंद डब्यातला सप्लाय त्याहून बराच तापतो. म्हणून छापील क्षमतेच्या ७० ते ८० टक्क्यांवरच थांबावे. ११५/२३० असा खटका असेल तर तो २३० वर आहे हे प्लग लावण्याआधी बघावे.

कंट्रोलरला मोटरच्या तारेवरून थेट ५ व्होल्ट काढून देऊ नयेत. १२ व्होल्टवरून ७८०५ ने (५ व्होल्ट देणाऱ्या आयसीने) १ अँपिअर घेतला, तर ७ वॉट उष्णता होऊन जाते. बक कन्व्हर्टर (फारसे न तापता व्होल्टेज उतरवणारे छोटे सर्किट) बरा. ग्राउंड (मायनसची तार) मात्र कंट्रोलर आणि मोटर दोघांचा एकच. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरड, ड्रायव्हरजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मोटरचा प्रवाह ब्रेडबोर्डमधून (सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीतून) नेऊ नये. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेत दोन मीटर जाऊन दोन मीटर परत येताना, १० अँपिअरला, जवळपास १ व्होल्ट वाटेतच संपतो. फ्यूज लागतोच, विशेषतः बॅटरीवर, आणि तो प्लसच्या टोकापासून चार बोटांच्या आत. पुढे कुठेतरी बसवला, तर बॅटरी ते फ्यूज हा तुकडा शॉर्ट झाल्यावर तार जळून जाते आणि फ्यूज शाबूत राहतो.