पतंग ओळखायचाय? रंग सोडा, केस बघा

रंगीत दिसलं की फुलपाखरू आणि मळकट दिसला की पतंग, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की भर दिवसा उडणारा झगझगीत पतंग समोर आला तरी आपण त्याला बिनधास्त फुलपाखरू म्हणतो. फुलपाखरांच्या जाती साधारण १८,००० आणि पतंगांच्या दीड लाखाच्या वर, मग एवढ्या गोतावळ्यात सगळेच मळकट कसे असतील?

आधी मिशा बघायच्या. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला काडेपेटीच्या काडीसारखी गाठ असते, पतंगाची मिशी बहुतेक वेळा दोऱ्यासारखी नाहीतर पिसासारखी.

पण मला खरं वेड आहे ते फ्रेन्युलमचं, म्हणजे पंख जोडणाऱ्या केसाचं! दिव्याखाली मेलेला एखादा पतंग मिळाला तर उलटा करा आणि भिंगातून मागच्या पंखाच्या अगदी मुळाशी बघा, तिथून एक ताठ केस पुढे आलेला दिसेल आणि तो पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला असलेल्या आकड्यात अडकलेला असेल, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पंख एकमेकांना जोडलेले, उडताना एकच पंख असल्यासारखे हलतात. त्या आकड्याला म्हणतात रेटिनॅक्युलम. नरात हा केस एकच आणि जाड असतो, मादीत बहुतेक वेळा दोन किंवा जास्त बारीक केस सुटे असतात, त्यामुळे नर की मादी तेही इथेच कळतं.

अपवाद आहेतच. ॲटलस मॉथ या पतंगाच्या कुटुंबात हा केस नाही, तिथे मागचा पंख मुळाशी रुंद होऊन पुढच्याखाली सरकतो, फुलपाखरांसारखाच. आणि उलट ऑस्ट्रेलियातल्या रीजंट स्किपर या फुलपाखराच्या नरात चक्क फ्रेन्युलम आहे!

डेथ्स हेड हॉकमॉथ या पतंगाच्या पाठीवर कवटीसारखा डाग असतो म्हणून त्याला अपशकुनी ठरवून मारतात, कृपा करून असं करू नका, तो डाग म्हणजे फक्त रंगीत खवले आणि केस, आणि तो बिचारा मधाच्या मागे असतो.

फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपवरही डोळे झाकून विसंबू नका. पाठीच्या फोटोत फ्रेन्युलम येतच नाही. काही जाती तर पंखांवरून इतक्या सारख्या दिसतात की तज्ज्ञसुद्धा पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून आतले जननावयव मायक्रोस्कोपखाली बघतात आणि मगच नाव लिहितात.