आगमनकाळ आणि उपवासकाळ : रंग एकच, वाचनांची दिशा उलट

नाताळच्या आधी येणारा आगमनकाळ आणि ईस्टरच्या आधी येणारा उपवासकाळ यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोन्ही काळांत धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात, रविवारच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, गौरवगीत वगळले जाते, फुलांची आरास आवरती घेतली जाते आणि दोन्हींत एकेका रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या तिसऱ्या व उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग वापरता येतो. शिवाय दोन्हींचे वर्णन ‘तयारीचा काळ’ असेच केले जाते. त्यामुळे आगमनकाळ म्हणजे धाकटा उपवासकाळ, अशी अनेकांची समजूत असते आणि दोन्ही काळांतील बायबलवाचनांवर चिंतनही एकाच चाकोरीतून होते : आपली पापे आठवा, पश्चात्ताप करा, सणासाठी अंतःकरण स्वच्छ करा. माझ्या मते या चाकोरीमुळे आगमनकाळाच्या वाचनांवर अन्याय होतो आणि उपवासकाळाच्या वाचनांतला निम्मा आशय हातून निसटतो.

या समजुतीला इतिहासाचा थोडा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. सहाव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात, संत मार्टिन यांच्या ११ नोव्हेंबरच्या सणापासून नाताळपर्यंत उपवास पाळला जाई आणि त्याला संत मार्टिन यांचा उपवासकाळ असेच म्हणत. मिलानच्या अॅम्ब्रोझियन परंपरेत आगमनकाळाचे रविवार आजही चार नसून सहा आहेत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवसांचा उपवास धरतात, आणि मुंबई-पुण्यातील सिरियन परंपरेच्या मल्याळी कुटुंबांत नाताळच्या आधी पंचवीस दिवस मांसाहार वर्ज्य करण्याची रीत आढळते. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मविधी-संहितेतही विवाहाचा सोहळ्यासह आशीर्वाद दोन्ही काळांत निषिद्ध होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या १९६२-६५ मधील सुधारणा-परिषदेनंतर, मात्र दोन्ही काळांची वाटणी स्पष्ट झाली. १९६९ साली नवी वाचनमाला, म्हणजे मिस्सात कोणत्या दिवशी बायबलचा कोणता भाग वाचायचा याचा क्रम, जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या पंचांग-सुधारणेत आगमनकाळ हा भक्तीच्या व आनंदी अपेक्षेचा काळ ठरला. प्रायश्चित्ताचा काळ म्हणून उपवासकाळच उरला. पुढे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी स्वीकारलेली १९९२ ची सुधारित संयुक्त वाचनमाला याच रोमन वाचनमालेच्या पायावर रचलेली आहे. म्हणून पुढील विवेचनात उदाहरणे कॅथलिक वाचनमालेतील असली, तरी त्यातील बराचसा भाग इतर मंडळ्यांच्या वाचकांनाही ओळखीचा वाटेल.

कानाने ओळखण्याची एक सोपी खूण आहे. शुभवर्तमानापूर्वीचा, म्हणजे येशूच्या चरित्रातील वाचनापूर्वीचा, ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष आगमनकाळात गायला जातो, तर उपवासकाळात पहिल्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारपासून, ईस्टरच्या जागरण-विधीपर्यंत तो पूर्णपणे मौन असतो. डोळ्यांना एकच जांभळा रंग दिसत असला, तरी एका काळात उत्सवाचा शब्द तोंडी आहे आणि दुसऱ्यात तो मुद्दाम राखून ठेवलेला आहे.

खरा भेद मात्र वाचनांच्या दिशेत आहे. आगमनकाळ शेवटाकडून आरंभाकडे येतो आणि उपवासकाळ आरंभाकडून शेवटाकडे जातो. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बेथलेहेम, गोठा किंवा मरिया यांपैकी कशाचाच उल्लेख शुभवर्तमानात नसतो. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात आणि मत्तय, मार्क व लूक यांपैकी ज्याचे शुभवर्तमान प्रामुख्याने वाचले जाते, त्याच्या नावाने वर्ष ओळखले जाते. मत्तयाच्या वर्षी नोहाच्या दिवसांतील बेसावध माणसे (मत्तय २४), मार्काच्या वर्षी दूरदेशी गेलेला घरधनी आणि जागत राहणारा द्वारपाल (मार्क १३), तर लूकाच्या वर्षी सूर्य, चंद्र व ताऱ्यांमधील चिन्हे (लूक २१) वाचली जातात. हे सगळे काळाच्या अंताविषयी, ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी आहे. दुसऱ्या व तिसऱ्या रविवारी आपण इतिहासात मागे सरकून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापाशी पोहोचतो, आणि चौथ्या रविवारी आणखी मागे, जन्माच्या थेट आधीच्या प्रसंगांपाशी येतो : योसेफाचे स्वप्न, मरियेला देवदूताचा निरोप किंवा मरिया व अलीशिबा यांची भेट. पहिल्याच आठवड्यापासून गोठ्याच्या चिंतनात रमणारा भक्त वाचनमालेच्या तीन आठवडे पुढे धावत असतो. गोठा बांधायला हरकत नाही, पण त्या आठवड्याची वाचने गोठ्याबद्दल बोलत नाहीत, एवढे ध्यानात घ्यावे.

उपवासकाळात जुन्या कराराची पहिली वाचने रविवारमागून रविवार तारणाचा इतिहास क्रमाने सांगतात. मत्तयाच्या वर्षी एदेन बागेतील पतन, अब्राहामाचे पाचारण, खडकातून निघालेले पाणी, दाविदाचा अभिषेक आणि यहेज्केलाने पाहिलेल्या कबरी उघडण्याचे अभिवचन अशी पाच रविवारांची मालिका आहे. मार्काच्या वर्षी ती नोहाशी केलेल्या करारापासून सुरू होऊन यिर्मयाने घोषित केलेल्या नव्या करारापर्यंत येते. शुभवर्तमानेही पुढेच सरकतात. पहिल्या रविवारी तिन्ही वर्षी अरण्यातील परीक्षा, दुसऱ्या रविवारी तिन्ही वर्षी डोंगरावरील रूपांतर, आणि त्यानंतर वाटा वेगळ्या होतात. आगमनकाळाच्या पहिल्या वाचनांत असा सलग इतिहास शोधू नये. ती मसीहाविषयीची व त्याच्या युगाविषयीची भाकिते आहेत, आणि त्यांत सिंहाचा वाटा यशयाचा आहे.

पश्चात्तापाच्या मुद्द्यावर गोंधळ सर्वाधिक होतो, कारण योहानाची हाक दोन्ही काळांना लागू पडेल अशी आहे. ‘पश्चात्ताप करा’ ही त्याची घोषणा आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, मत्तयाच्या वर्षी, ऐकू येते. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावतानाही जवळजवळ हेच शब्द म्हणता येतात. फरक संदर्भात आहे. योहान रस्ता सपाट करायला सांगतो, कारण कोणीतरी येत आहे; लक्ष येणाऱ्यावर आहे आणि आपल्या चुका हा त्या रस्त्यातला अडथळा आहे. राखेच्या बुधवारी योएल संदेष्टा लोकांना परत फिरायला सांगतो आणि ५१ व्या स्तोत्रातील पापकबुली म्हटली जाते. तेथे लक्ष परतणाऱ्यावर आहे. म्हणूनच आगमनकाळात ‘मी कोणाची वाट पाहत आहे?’ हा प्रश्न आधी यावा आणि उपवासकाळात ‘मी कोठून परत फिरत आहे?’ हा. प्रश्नांची अदलाबदल केल्याने काही बिघडते असे नाही, पण मग त्या दिवसाचे वाचन आणि आपले चिंतन एकमेकांशी फारसे बोलत नाहीत.

हा फरक सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, कारण वाचनमालेने हा एकच अध्याय दोन तुकड्यांत विभागून दोन्ही काळांना दिला आहे. मत्तयाच्या वर्षी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारचे वाचन मनुष्याच्या निर्मितीपासून सुरू होते आणि मोहाच्या प्रसंगापाशी येऊन सातव्या वचनावर थांबते : डोळे उघडले, नग्नता कळली, अंजिराची पाने शिवली. पुढचे काहीच वाचले जात नाही. लगेच रोमकरांस पत्रातील आदाम व ख्रिस्त यांची तुलना आणि मग अरण्यातील परीक्षा. कथेचा पुढचा भाग कॅथलिक मंडळीत ८ डिसेंबरला, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या (मरिया स्वतः आदिपापाविना गर्भात आली या श्रद्धेच्या) सणाला, वाचला जातो, आणि तो आगमनकाळातच येतो. ते वाचन नवव्या वचनापासून, ‘तू कोठे आहेस?’ या देवाच्या प्रश्नापासून सुरू होते, आणि स्त्रीची संतती सर्पाचे डोके ठेचील हे अभिवचन त्यात आहे. एकाच पानावरची ही वचने, पण उपवासकाळाला पतन मिळाले आणि आगमनकाळाला अभिवचन. वाचने निवडणाऱ्यांनी कोठे थांबावे हे किती जाणीवपूर्वक ठरवले असेल, याचा अंदाज यावरून येतो. चिंतन करताना वाचन कोणत्या वचनावर थांबले हे पाहण्याची सवय म्हणूनच लावून घेण्यासारखी आहे. बायबल उघडून पुढचा भाग वाचण्याचा मोह अनावर असतो; तो त्या दिवशी तरी आवरावा.

यशयाही दोन्ही काळांत भेटतो, पण त्याचा सूर बदललेला असतो. आगमनकाळात तो दाविदाचा पिता इशाय याच्या बुंध्यातून फुटणारा धुमारा, फुलणारे अरण्य, सर्व राष्ट्रांसाठी डोंगरावर मांडलेली मेजवानी आणि ‘माझ्या लोकांचे सांत्वन करा’ अशी चित्रे देतो. उपवासकाळात राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी त्याचा ५८ वा अध्याय येतो, आणि भुकेल्याला अन्न न देता, बंधने न सोडता केलेला उपवास देवाला नको असल्याचे तो रोखठोक सुनावतो. पवित्र आठवड्याच्या सोमवार ते बुधवार यशयातील देवाच्या सेवकाची गीते येतात आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) त्यातले शेवटचे, दुःखसहन करणाऱ्या सेवकाचे गीत. उपवासकाळात काय सोडले याचा हिशेब मांडण्यात जो वेळ जातो, त्यातला थोडा ५८ व्या अध्यायाला द्यावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

२५ वे स्तोत्रही असेच दोन्हीकडे आहे. लूकाच्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी त्याचे ध्रुपद देवाकडे जीव उंचावण्याचे आहे. मार्काच्या वर्षी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी त्याच स्तोत्राचे ध्रुपद देवाचा करार पाळणाऱ्यांविषयी बोलते आणि पूर्वापार चालत आलेली त्याची करुणा आठवण्याची विनंती मध्ये येते.

सोमवार ते शनिवारची वाचने रोज वाचणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आगमनकाळाच्या पहिल्या दिवसांत यशयाचे वाचन व शुभवर्तमान ही अभिवचन आणि त्याची पूर्ती अशी जोडी असते. पहिल्या बुधवारी यशयाची मेजवानी आणि येशूने लोकसमुदायाला दिलेल्या भाकरी, शुक्रवारी आंधळ्यांना दृष्टी मिळेल हे भाकीत आणि दोन आंधळ्यांचे बरे होणे. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारपासून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयीची शुभवर्तमाने सुरू होतात आणि १७ डिसेंबरपासून मत्तय व लूक यांचे पहिले अध्याय. उपवासकाळातही चौथ्या आठवड्यापूर्वी अशा जोड्या आहेत, उदाहरणार्थ जुन्या करारातील योसेफाला त्याच्या भावांनी विकणे आणि द्राक्षमळ्यातील दुष्ट माळी. मात्र चौथ्या आठवड्याच्या सोमवारपासून शुभवर्तमानकार योहानाचे शुभवर्तमान जवळपास क्रमाने चालते आणि विरोध दिवसागणिक तीव्र होत जातो. येथे एकेका दिवसाचे सुटे चिंतन पुरत नाही. काल काय झाले हे आठवत आजचे वाचावे लागते.

कोणते वर्ष चालू आहे हे काढणे सोपे आहे. सनाच्या आकड्याला तीनने पूर्ण भाग गेला तर लूकाचे वर्ष, बाकी एक उरली तर मत्तयाचे आणि दोन उरली तर मार्काचे. म्हणून २०२६ मत्तयाचे वर्ष ठरते. मात्र हे वर्ष आदल्या सनाच्या आगमनकाळापासूनच सुरू झालेले असते, हे विसरू नये. मत्तयाच्या वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या ते पाचव्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजर ही तीन दीर्घ वाचने येतात. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणारे प्रौढ उमेदवार असतील, तर ती कोणत्याही वर्षी वाचता येतात.

लांबीचा फरक शेवटी नियोजनात जाणवतो. उपवासकाळाची लांबी दरवर्षी सारखीच, फक्त त्याची तारीख ईस्टरबरोबर सरकते. आगमनकाळ मात्र २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो, त्यामुळे त्याचे दिवस कधी अठ्ठावीस, तर कधी बावीस भरतात. २०२३ साली चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला आणि सकाळी मरियेला मिळालेल्या निरोपाचे वाचन ऐकलेल्या लोकांना त्याच संध्याकाळी नाताळच्या मिस्साला यावे लागले. अशा वर्षी चौथ्या आठवड्यासाठी चिंतनाचे दिवस राखून ठेवू नयेत, आणि चौथ्या रविवारचे शुभवर्तमान आदल्या आठवड्यातच एकदा वाचून घ्यावे.